अ‍ॅस्परॅगस विमानाने, शतावरी डोंगरातून

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पनवेलच्या वेशीवरच्या या विमानतळाच्या पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि पाच लाख टन माल हाताळण्याची क्षमता धरलेली आहे. बोलले जाते ते प्रवाशांबद्दल. मालाचा विषय स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो, तो मात्र फारसा कोणी काढत नाही. फुले, मासे, फळे आणि नाजूक भाज्या हा नाशवंत माल जगभर विमानाने फिरतो आणि त्यातली एक ठळक भाजी म्हणजे अ‍ॅस्परॅगस.

खारघर, कामोठे, नवीन पनवेल इथल्या मोठ्या दुकानांत ब्रोकोली आणि झुकिनीच्या शेजारी रबराने बांधलेली हिरव्या कोंबांची ही जुडी आता अधूनमधून दिसते. तिच्याबरोबर एक पाककृतीही घरात येते. कोंब लोण्यावर परतायचे, वर क्रीम, लसूण, थोडे चीज आणि लिंबू घालायचे. दहा-बारा मिनिटांत तोंडीलावणे तयार. ‘वजन कमी होते’, ‘शरीर शुद्ध होते’, ‘गरोदरपणात उत्तम’ असे दावेही त्याला चिकटलेले असतात.

यातले खरे किती, हा आरोग्याचा सरळ प्रश्न आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. अ‍ॅस्परॅगसची सख्खी बहीण पनवेलच्या डोंगरांत पहिल्या पावसाबरोबर उगवते. तिचे नाव शतावरी. बहुतेक घरांत ती औषधाच्या डब्यातली पूड म्हणून माहीत आहे, ताटातली भाजी म्हणून नाही. एकीला विमानाचे तिकीट आणि दुसरीला मुळासकट उपटले जाणे, असे का व्हावे?

कोंब म्हणजे काय

अ‍ॅस्परॅगसचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्परॅगस ऑफिशिनॅलिस आणि शतावरीचे अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस. प्रजाती वेगळ्या, पण वंश एकच. दोन्ही बहुवर्षायू. जमिनीखाली मुळांचा झुबका असतो, त्यात अन्न साठवलेले असते आणि अनुकूल हंगाम आला की त्या साठ्याच्या जोरावर कोंब वर येतो. थंड देशांत हा हंगाम म्हणजे वसंत. कोकणात तो मृगाचा पाऊस.

ज्याला खाताना आपण देठ म्हणतो ते उमलत्या खोडाचे टोक असते. त्यावर चिकटलेले छोटे त्रिकोणी खवले ही त्या वनस्पतीची खरी पाने. पुढे कोंब वाढून त्याला जी बारीक, सुईसारखी हिरवी पिसे फुटतात, ती पाने वाटली तरी प्रत्यक्षात खोडाचेच रूपांतर आहे. शतावरीच्या वेलाला पुढे वाकडे काटेही येतात. म्हणून खाण्याजोगा काळ फार थोडा. कोंब बोटांत धरून वाकवला आणि कटकन मोडला तर भाजी. वाकला पण तुटला नाही तर त्यात लिग्निन म्हणजे लाकडाचा घटक साचू लागला, असे समजायचे. परदेशी स्वयंपाकी आणि मालडुंग्याच्या वाडीतली आदिवासी बाई, दोघीही हीच परीक्षा घेतात.

अ‍ॅस्परॅगसचे शेतकरी आणखी एक नियम पाळतात. लावणीनंतर पहिली दोनेक वर्षे कोंब काढायचे नाहीत. नंतरही दर हंगामात सहा ते आठ आठवडे काढणी करून थांबायचे, म्हणजे उरलेले कोंब वाढून मुळांत पुन्हा अन्न साठवतील. हा नियम पाळला तर एकच लागवड दहा-पंधरा वर्षे उत्पन्न देते. कोंब खाणे आणि झाड राखणे यांत वैर नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आकडे काय सांगतात

शंभर ग्रॅम कच्च्या अ‍ॅस्परॅगसमध्ये सुमारे ९३ ग्रॅम पाणी असते. ऊर्जा २० किलोकॅलरी, प्रथिने आणि तंतू प्रत्येकी दोन ग्रॅमच्या आसपास, फोलेट सुमारे ५० मायक्रोग्रॅम आणि के जीवनसत्त्व सुमारे ४० मायक्रोग्रॅम. ही चांगली भाजी आहे यात वाद नाही. मात्र आपल्या पालकात फोलेट याच्या जवळजवळ तिप्पट आणि के जीवनसत्त्व दहापटीहून अधिक असते. मूग, चवळी, हरभरा ही कडधान्येही फोलेटच्या बाबतीत मागे नाहीत. अ‍ॅस्परॅगस खाल्ल्याने जे मिळते, ते पनवेलच्या भाजीबाजारात दहा ठिकाणी, त्याहून कितीतरी कमी पैशांत मिळते.

गरोदरपणाचा दावा याच फोलेटवर उभा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागते आणि गरोदरपणी ही गरज ५७० मायक्रोग्रॅमवर जाते. ही दरी कोणत्याही एका भाजीने भरून निघत नाही. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांत होते, अनेकदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच. त्यासाठी डॉक्टर फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. भाजी त्या गोळीच्या जोडीला असावी, तिच्या जागी नव्हे.

‘शरीर शुद्ध होते’ या दाव्यामागे बहुधा एक गमतीची गोष्ट आहे. अ‍ॅस्परॅगस खाल्ल्यावर काही तासांत लघवीला उग्र वास येतो आणि विष बाहेर पडत असल्याचा समज होतो. वास्तविक अ‍ॅस्परॅगसमधल्या अ‍ॅस्परॅग्युसिक आम्लाचे पचनात तुकडे होऊन गंधकाची बाष्पशील संयुगे तयार होतात, त्यांचा तो वास. तोही सर्वांना येत नाही. अमेरिकेतील सुमारे ६,९०० जणांवरचा एक अभ्यास २०१६मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास ६० टक्के लोकांना तो वास घेताच येत नव्हता आणि त्याचे कारण वास ओळखणाऱ्या जनुकांतल्या फरकांत सापडले. शुद्धीकरणाचे काम मूत्रपिंडे आणि यकृत करतातच. त्यांना कोंबाची परवानगी लागत नाही.

काही जणांनी जपून खावे, हेही खरे. अ‍ॅस्परॅगसमध्ये फ्रुक्टन नावाचे तंतू असतात. आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे ते अन्न, पण ज्यांचे पोट नाजूक आहे त्यांना त्यानेच गॅस होतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्व देणाऱ्या भाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नयेत. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे.

तोडल्यानंतरचे श्वास

अ‍ॅस्परॅगस महाग का, याचे उत्तर त्याच्या श्वसनात आहे. भाजी तोडल्यावरही जिवंत असते. साठलेली साखर जाळून श्वास घेत राहते. बटाटा-कांदा हे फार संथपणे करतात. अ‍ॅस्परॅगस वाढीच्या ऐन भरात तोडलेला कोंब असल्याने भाज्यांमध्ये सर्वांत वेगाने श्वसन करणाऱ्यांत त्याची गणना होते. सामान्य तापमानात काही तासांतच त्याची गोडी उतरू लागते आणि बुडखा निबर होतो. शून्य ते दोन अंश सेल्सिअसच्या गारव्यात ठेवल्यास हा वेग मंदावतो. म्हणूनच त्याला शीतसाखळी लागते, दूरच्या प्रवासाला विमान लागते आणि जुडीच्या किमतीत भाजीपेक्षा बर्फ आणि इंधनाचा वाटा मोठा होतो.

जगात अ‍ॅस्परॅगस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी पेरू एक. तिथल्या इका या वाळवंटी खोऱ्यात भूजलावर हे पीक उभे राहिले आणि विहिरींची पातळी खाली गेली, हा अनुभव अभ्यासकांनी बराच मांडला आहे. दूरच्या भाजीबरोबर दूरचे पाणीही ताटात येते.

विमानतळ जवळ आला म्हणून हा प्रवास थोडा आखूड होईल. पण बोट लावले की मऊ लागणारी टोके, ओलसर चिकटपणा, आंबूस वास ही शिळेपणाची लक्षणे जुडीवर दिसत असतील, तर परदेशी शिक्क्याला अर्थ नाही. घरी आणल्यावर बुडखे ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन दिवसांत संपवावेत.

डोंगरातले नातेवाईक

पनवेलच्या पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाचे डोंगर, दक्षिणेला कर्नाळा. मालडुंगे, धोदाणी, वाजे, नेरे या भागातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या बाया पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजारात येतात. आधी शेवळे, मग फोडशी, टाकळा, भारंगी, कुर्डू, पुढे करटोली. शतावरीचे कोवळे कोंबही याच हंगामातले. ते सगळीकडे विकायला येत नाहीत, कारण एका वेलाला थोडेच फुटतात आणि वेळेवर हेरावे लागतात. बऱ्याचदा ते घरच्याच कढईत जातात.

नात्याचा हा धागा फोडशीपर्यंत जातो. फोडशी किंवा कुळू ही लांब पात्यांची भाजी क्लोरोफायटम वंशातली. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅस्परॅगसला आणि तिला लिलीच्या मोठ्या कुळात टाकत. जनुकीय पुराव्यांच्या आधारे झालेल्या नव्या वर्गीकरणात दोन्ही अ‍ॅस्परॅगेसी या कुळात आल्या. म्हणजे पावसाळ्यात दहा-वीस रुपयांच्या जुडीने फोडशी घेणारे घर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने अ‍ॅस्परॅगसच्याच गोतावळ्यातली भाजी खाते.

शेवळाची गोष्ट उलटी. जमिनीतून उभा निघणारा, टोकदार, कोंबासारखा दिसणारा शेवळा अ‍ॅस्परॅगसची आठवण करून देतो, पण तो सुरणाच्या कुळातला आहे. त्याच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नीट न शिजवल्यास घसा खवखवतो. म्हणून त्याचा आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, तेलात भरपूर परततात आणि काकड नावाच्या रानफळाचा किंवा चिंचेचा आंबटपणा देतात. रायगड-ठाण्यातल्या सीकेपी घरांत शेवळे आणि सोडे हा पावसाळ्याच्या तोंडावरचा मान असतो. दिसण्यावरून नाते ठरवू नये, आणि शिजवण्याची रीत तर नाहीच नाही, हा धडा शेवळे देते.

सॉस हवा, पण किती

आता पाककृतीकडे. क्रीमचा सॉस घालणे म्हणजे भाजीचा सत्यानाश, असे म्हणणारे एका टोकाला आणि कपभर क्रीम ओतणारे दुसऱ्या टोकाला. विज्ञान मधे उभे आहे. कोंबातले के जीवनसत्त्व आणि कॅरोटीनसारखी रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळतात. जेवणात स्निग्धांश अजिबात नसेल तर त्यांचा बराचसा भाग न शोषता निघून जातो. मात्र त्यासाठी लागणारे प्रमाण फार थोडे. एका जेवणात तीन ते पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा तेल पुरते. त्यापुढचा स्निग्धांश चवीचा असतो.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसाच्या थाळीला तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. बाजारातल्या नेहमीच्या ताज्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो. २०० मिलिलिटरचा एक डबा चार जणांच्या भाजीत रिकामा केला तर माणशी साडेबारा ग्रॅम गेले. वर लोणी आणि चीज. म्हणजे एका तोंडीलावण्यात दिवसाचा निम्म्याहून अधिक वाटा संपला. वीस किलोकॅलरींची भाजी ‘वजन कमी करणारी’ राहते का, हे मग ज्याने त्याने ठरवावे.

कोकणाच्या स्वयंपाकात दाट, मुलायम रस्सा नवा नाही. तिथे क्रीमचे काम नारळाचे दूध करते. त्यातही स्निग्धांश असतो आणि तो बहुतांशी संपृक्त असतो. त्यामुळे ‘नारळाचे आहे म्हणजे कितीही चालेल’ असे नाही. पण पहिले घट्ट दूध अर्धी वाटी घेऊन त्यात दुसरे पातळ दूध मिसळले तर चार जणांना पुरते आणि हिशेबही आटोक्यात राहतो.

चार जणांसाठी पाव किलो कोंब घ्यावेत. अ‍ॅस्परॅगस, खात्रीच्या विक्रेतीकडून आणलेले शतावरीचे कोवळे शेंडे किंवा यांतले काहीच नसेल तर फरसबी. बुडखे वाकवून मोडावेत, निबर भाग टाकावा, उरलेले दोन इंचांवर कापावेत. टोपात भरपूर पाणी उकळून मीठ घालावे आणि तुकडे त्यात दोन मिनिटे, जाड असतील तर तीन मिनिटे ठेवून लगेच चाळणीत काढून गार पाण्याखाली धरावेत. शतावरीत सॅपोनिन या घटकांचा कडवटपणा अधिक असतो. तो या पाण्यात बराचसा उतरतो, म्हणून तिचे पाणी टाकून द्यावे. अ‍ॅस्परॅगसचे पाणी मात्र डाळीत वापरावे, कारण फोलेट पाण्यात विरघळते.

कढईत एक चमचा तेल तापवून ठेचलेला लसूण, एक चिरलेली हिरवी मिरची आणि थोडे जिरे परतावे. कोंब घालून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवावेत. मग पातळ दूध, चवीला मीठ आणि एक चमचा भाजलेल्या दाण्याचे कूट किंवा वाटलेले काजू घालावेत. त्याने दाटपणा येतो. दोन मिनिटांनी आच मंद करून घट्ट दूध ओतावे. कढ आला की नारळाच्या दुधातली प्रथिने गोठतात, स्निग्धांश सुटतो आणि दूध फुटते. त्यामुळे कडेने बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद. लिंबू किंवा आमसुलाचे आगळ सर्वांत शेवटी, खाली उतरवल्यावर. आम्लामुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी पडतो. जितका उशिरा आंबटपणा, तितका रंग टिकतो. रंगासाठी खाण्याचा सोडा टाकू नये. त्याने हिरवेपणा राहतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि क व ब-१ जीवनसत्त्वे नष्ट होतात.

एकूण वेळ पंधरा मिनिटे. भाकरीबरोबर किंवा तांबड्या भाताबरोबर हे तोंडीलावणे चांगले लागते.

मुळाचा बाजार

शतावरी भाजी म्हणून मागे राहिली, पण औषध म्हणून तिला मोठी मागणी आहे. आयुर्वेदात तिचे मूळ बल्य आणि स्तन्यवर्धक मानले जाते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने फेब्रुवारी २०२५मध्ये शतावरीच्या प्रसारासाठी देशव्यापी मोहीम सुरू केली. मोहिमेचा रोख लागवड वाढवण्यावर असेल तर ते स्वागतार्हच; कारण मागणी वाढली आणि लागवड वाढली नाही, तर भार येतो तो रानावर.

कोंब खुडला तर वेल पुन्हा फुटतो. मुळांचा झुबका खणला तर वेल संपतो. कोंबाची बाई पुढच्या वर्षीही त्याच जागी जाते; मुळाचा कंत्राटदार दुसरी टेकडी शोधतो. महाराष्ट्राने हे एकदा पाहिले आहे. सफेद मुसळीची एक प्रजाती झेवियर्स महाविद्यालयाशी संबंधित वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात विज्ञानाला परिचित करून दिली आणि बोरिवलीवरून तिचे नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम ठेवले. तीही फोडशीच्याच वंशातली. पुढे तिच्या कंदांना शक्तिवर्धक म्हणून भाव आला, रानातले कंद खणले गेले आणि रानात ती दुर्मीळ झाली. मुंबईच्या उपनगराचे नाव धारण करणारी ही वनस्पती आज प्रामुख्याने लागवडीतूनच बाजारात येते.

औषधाचा दावाही तपासून घ्यायला हवा. शतावरीच्या मुळावर झालेल्या मानवी चाचण्या बहुतेक छोट्या आहेत. दूध वाढण्याबाबत त्यांतून काही आशादायक निष्कर्ष आले, पण ठाम शिफारस करण्याइतका तो पुरावा भक्कम नाही. शिवाय मुळाच्या अर्काबद्दलचे निष्कर्ष कोंबाच्या भाजीला लावता येत नाहीत. कोंब भाजी म्हणून खावेत. मुळाची पूड वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी आणि गरोदरपणी तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये.

ओळख चुकली तर

रानभाज्यांची हौस वाढते आहे, ही चांगली गोष्ट. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात आणि शहरी लोक आवडीने जातात. पण हौसेपोटी स्वतःच डोंगरात जाऊन खुडणे धोक्याचे आहे. त्याच पावसात, त्याच उतारांवर कळलावीचे कोंबही वर येतात. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखे फूल येईपर्यंत ती अनोळखी माणसाला निरुपद्रवी वाटते. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे विष असते. ते पेशींचे विभाजन थांबवते. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे अस्थिमज्जा, मूत्रपिंडे, हृदय निकामी होऊ शकतात. रानकांद्याची कोवळी पाती फोडशीसारखी वाटू शकतात आणि रानकांद्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. रानभाजी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, छातीत धडधड असे काही झाले तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेली भाजी, शक्य असेल तर तिची पाने-मुळे सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

मोबाइलवरच्या ओळख-अ‍ॅपवर जीव सोपवू नये. कोवळ्या, बिनफुलाच्या कोंबाचे छायाचित्र पाहून अचूक प्रजाती सांगणे तज्ज्ञालाही अवघड जाते. महामार्ग आणि रेल्वेमार्गाच्या कडेचे कोंब तर घेऊच नयेत; तिथे तणनाशके, धूर आणि सांडपाणी यांचा संपर्क असतो. कर्नाळा हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथून परवानगीशिवाय वनस्पती नेणे हा गुन्हा ठरतो.

जागा आणि जाण

विमानतळाच्या ११६० हेक्टरांच्या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि दहा गावठाणे हलवली गेली. आसपास ‘नैना’ची वसाहत आखली जात आहे. २०१६मध्ये महानगरपालिका झालेल्या पनवेलला घरे, रस्ते, पाणी, नोकऱ्या लागणारच. पण शतावरी, फोडशी, करटोली यांना शेत लागत नाही. त्यांना लागतो शेताचा बांध, माळरान, झुडपांची कड, डोंगराचा पायथा. भूसंपादनाच्या कागदावर अशा जागेची नोंद ‘पडीक’ किंवा ‘वरकस’ होते. आहाराच्या हिशेबात ती पडीक नसते.

कातकरी समाज केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी समूहांपैकी एक आहे. त्यांच्याकडे जमीन फारशी नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आधीची उचल संपलेली, शेतमजुरी अजून सुरू नाही, अशा जून-जुलैच्या दिवसांत रानभाजी त्यांच्या पोटाला आणि हाताला दोन्हीकडे उपयोगी पडते. शहराच्या ताटातला तो हौसेचा पदार्थ असतो. वाडीत तो चुलीवरचा रोजचा टोप असतो. डोंगर आखडला तर पहिला घास त्यांचाच जातो, आणि कोणता कोंब खावा, कोणता सोडावा हे शिकवणारी जाणती पिढीही त्याच्याबरोबर निवृत्त होते.

उपाय कायद्याच्या पुस्तकात आधीपासून आहेत. २००६चा वनहक्क कायदा गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींना देतो. कंदमुळे आणि कोंब त्यात येतात. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करायची असते. या नोंदवहीत शतावरीचे वेल कुठे आहेत, कोंब केव्हा येतात, कोण गोळा करते, मुळे कोण खणते हे लिहिले गेले, तर आराखडा काढणाऱ्यापुढे ‘पडीक’ शब्दाऐवजी माहिती असेल. शहरालगतच्या सोसायट्यांच्या कुंपणांवर, शाळांच्या परसबागांत, महापालिकेच्या उद्यानांत शतावरी सहज वाढते. कुंडीतही येते. रोपवाटिकेतून रोप आणून लावले, पहिली दोन वर्षे कोंब खुडायचा मोह टाळला आणि नंतरही दरवर्षी अर्धे कोंब वाढू दिले, तर अ‍ॅस्परॅगसच्या शेतकऱ्याचाच नियम घरच्या कुंडीला लागू पडतो.

ग्राहकाच्या हातात एवढे नक्की आहे. अ‍ॅस्परॅगस आवडत असेल तर अधूनमधून खावे. ती चांगली भाजी आहे, चमत्कार नाही. क्रीम मोजून घालावे. जूनमध्ये पनवेलच्या बाजारात रानभाज्यांचे वाटे लागले की घासाघीस न करता घ्यावेत आणि विकणाऱ्या बाईला भाजीचे नाव, निवडण्याची आणि शिजवण्याची रीत विचारावी. दोन मिनिटांच्या त्या बोलण्यात जी माहिती मिळते, ती कोणत्याही पाकिटावर छापलेली नसते.